एका वाद्यवृंदाच्या तेवीसशें रात्री

गाणें संपलें कीं तें गेलें, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा आपला अनुभव आहे. चित्र भिंतीवर राहतें, ग्रंथ कपाटांत राहतो. परंतु एका रात्रीं गायकाला सांपडलेली एखादी जागा दुसऱ्या दिवशीं त्याची त्यालाहि सांपडत नाहीं. ज्यांनीं ती ऐकली ते ती आठवीत बसतात, आणि ज्यांनीं ऐकली नाहीं त्यांनीं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा. अमेरिकेंतील एका वाद्यवृंदाच्या बाबतींत मात्र हा नियम जवळ जवळ मोडला गेला. 'ग्रेटफुल डेड' हें त्याचें नांव. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत या मंडळींनीं सुमारें २३०० जाहीर कार्यक्रम केले, आणि त्यांपैकीं बहुतेकांचें ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळतें. हें कसें घडलें, कोणीं घडविलें, आणि त्यांतलें ऐकण्याजोगें काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे. मी या संगीताचा चाहता आहें. तेव्हां तटस्थ समीक्षकाची अपेक्षा माझ्याकडून कोणीं करूं नये.

नांव ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. लोककथांच्या अभ्यासकांना 'कृतज्ञ मृत' हा एक जुना कथाप्रकार ठाऊक आहे. एक वाटसरू परक्या माणसाच्या बेवारशी प्रेताची उत्तरक्रिया स्वखर्चानें करतो, आणि पुढें त्याच्यावर संकट आलें असतां तो मृतात्मा अनोळखी सोबत्याच्या रूपानें येऊन तें ऋण फेडतो. १९६५ च्या अखेरीस जेरी गार्सियाची नजर एका कोशांत या दोन शब्दांवर पडली आणि तेंच नांव कायम झालें. तत्पूर्वीं कांहीं महिने हीच मंडळी 'वॉरलॉक्स' या नांवानें कॅलिफोर्नियांतील पॅलो आल्टोच्या आसपास वाजवीत असे; त्यांचा पहिला कार्यक्रम तर शेजारच्या गांवीं पिझ्झाच्या एका दुकानांत झाला.

रॉक म्हणजे विजेच्या गिटारींचा नुसता गोंगाट, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं या मंडळींची पूर्वपीठिका पाहावी. गार्सियाला लोक म्होरक्या समजत (तो स्वतः हें कधीं मान्य करीत नसे). तो मूळचा बँजोवादक, ब्लूग्रास नांवाच्या ग्रामीण संगीताचा वेडा. रॉन मॅकर्नन, ज्याला सारे पिगपेन म्हणत, हा कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज गायकीवर वाढलेला. फिल लेश हा आधुनिक पाश्चात्य रचनासंगीताचा विद्यार्थी. लुचानो बेरियो या इटालियन रचनाकाराजवळ तो शिकला होता, आणि खर्जाची गिटार त्यानें या मंडळींत आल्यावरच प्रथम हातीं धरली. बॉब वेअर हा अवघा सतरा वर्षांचा. तालवाद्यांवर बिल क्रॉइट्समन. १९६७ सालीं त्याच्या जोडीला मिकी हार्ट येऊन बसला. इतक्या निरनिराळ्या घराण्यांचीं माणसें एका रंगमंचावर उभीं राहिलीं म्हणजे एक तर भांडण होतें, नाहीं तर कांहीं तरी नवें निर्माण होतें. येथें दोन्ही गोष्टी झाल्या.

या मंडळींची खरी वृत्ति समजण्यास एकच उदाहरण पुरेसें आहे. 'डार्क स्टार' नांवाचें त्यांचें एक गीत १९६८ सालीं तबकडीवर निघालें. त्याची लांबी तीन मिनिटेंहि नाहीं. त्या तबकडीकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत पाहण्यासारखें फारसें नव्हतेंहि. पुढच्याच वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट या नाट्यगृहांत तेंच गीत त्यांनीं श्रोत्यांसमोर वाजविलें, तें २३ मिनिटें चाललें. शब्द तेच, मुखडाहि तोच. परंतु दोन कडव्यांच्या मध्यें गिटार, खर्ज आणि ताल असे एकमेकांना हुडकीत जातात, वाट चुकतात आणि पुन्हां एका वळणावर भेटतात, कीं मूळ गीत ही केवळ बंदिश होती आणि खरें गाणें पुढेंच होतें हें आपल्या ध्यानांत येतें. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. तीन मिनिटांच्या तबकडींत आपल्या गवयांचें काय झालें हें त्याला पुरतें ठाऊक आहे.

तो 'डार्क स्टार' १९६९ च्या नोव्हेंबरांत 'लाइव्ह डेड' या संचांत प्रसिद्ध झाला. सोळा स्वतंत्र मार्गांच्या फितीवर जिवंत कार्यक्रम मुद्रित करण्याचे जे अगदीं पहिले प्रयत्न झाले, त्यांत याची गणना होते. संस्थेवर त्या वेळीं मुद्रणगृहांतील खर्चाचा मोठा बोजा होता आणि हा संच त्या मानानें पुष्कळच स्वस्तांत तयार झाला. म्हणजे कलेचा एक नवा मार्ग थोडासा कर्जामुळेंहि सांपडला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु फितींची खरी परंपरा सुरू केली ती औझली स्टॅन्ली या विलक्षण गृहस्थानें. मादक रसायनें तयार करण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता आणि त्यापायीं त्यानें तुरुंगवासहि भोगला; तो इतिहास येथें उगाळीत नाहीं. १९६६ पासून तो या मंडळींच्या ध्वनियोजनेची व्यवस्था पाहूं लागला. आपल्या कामांत कोठें चूक झाली हें तपासण्यासाठीं तो प्रत्येक रात्रीची फीत करून ठेवी आणि कार्यक्रमानंतर ती ऐके. त्या फितींना तो आपली ध्वनि-रोजनिशी म्हणत असे. विक्रीचा विचार त्यामागें नव्हता, भावी पिढ्यांचा तर मुळींच नव्हता. एका कारागिरानें आपल्या कामाचा हिशेब ठेवला, एवढेंच. परंतु त्या हिशेबाच्या वह्यांतून आज १९६० नंतरच्या दशकाचें संगीत हातीं लागतें.

त्याच्याच डोक्यांतून निघालेली दुसरी एक योजना म्हणजे १९७४ ची ध्वनीची भिंत. वादकांच्या पाठीमागें सहाशेंच्या आसपास ध्वनिवर्धकांची एक प्रचंड तटबंदी उभी करावयाची, प्रत्येक वाद्याला त्यांत स्वतंत्र वाटा द्यावयाचा, म्हणजे दोन वाद्यांचे आवाज एकाच पडद्यांतून निघून एकमेकांना बिघडविणार नाहींत. जें श्रोत्यांना ऐकूं येतें नेमकें तेंच वादकांनाहि ऐकूं यावें, हा हेतु. अडचण अशी कीं, मागच्या भिंतीचा आवाज पुढच्या मायक्रोफोनमध्यें शिरून किंकाळी उठते. त्यावर उपाय मोठा गमतीचा काढला होता. प्रत्येक गायकापुढें दोन मायक्रोफोन एकावर एक, उलट जोडणीनें लावीत; गायकानें वरच्यांतच गावयाचें. भिंतीचा आवाज दोहोंत सारखाच शिरे आणि उलट जोडणीमुळें नाहींसा होई. गळ्याचा आवाज तेवढा शिल्लक राही. या योजनेपायीं त्या काळच्या फितींत गळा कित्येकदां किरटा वाटतो. खर्जाची गिटार मात्र अशी स्वच्छ क्वचितच कोठें ऐकावयास मिळेल. सर्व सामानाचें वजन सुमारें ७५ टन भरे. एका गांवीं भिंत उतरवीत असतां दुसऱ्या गांवीं मांडव उभारण्यास सुरुवात झालेली असे. हा हत्ती कोण पोसणार? १९७४ च्या ऑक्टोबरांत विंटरलँड येथें पांच कार्यक्रम करून मंडळींनीं विश्रांति जाहीर केली, आणि भिंत कायमची खालीं आली.

आतां श्रोत्यांकडे वळूं. कार्यक्रमांत चोरून यंत्र न्यावयाचें आणि फीत करावयाची, हा प्रकार इतर गायकवादकांच्या बाबतींतहि होत असे, आणि सर्व ठिकाणीं त्याला मज्जाव होता. ग्रेटफुल डेडच्या दारांतहि प्रथम प्रथम यंत्रें हिसकावून घेतलीं जात. पण मंडळींचें मन त्यांत कधींच नव्हतें. गार्सिया स्वतः १९६४ सालीं एका मित्रासह मोटारींतून ब्लूग्रासचे कार्यक्रम ऐकत आणि फितीवर उतरून घेत देशभर हिंडला होता. तें सुख त्याला ठाऊक होतें. एकदां वाजवून झालें म्हणजे आमचें काम संपलें, मग ज्याला हवें त्यानें तें घेऊन जावें, अशी त्याची भूमिका होती.

१९७१ सालीं ब्रुकलिनच्या लेस किपेल यानें या फितींची विनामूल्य अदलाबदल करण्यासाठीं एक मंडळ काढलें. त्यांतूनच १९७४ सालीं 'डेड रेलिक्स' हें नियतकालिक जन्मास आलें. पुढें हा व्यवहार देशभर पसरला. त्याची नीति ठरलेली होती. पैसे घ्यावयाचे नाहींत. तुमच्याजवळ देण्यासारखें असेल तर फितीस फीत द्या. नवशिके असाल तर कोऱ्या कॅसेट आणि परतीचें टपाल पाठवा, कोणी तरी तुम्हांला भरून पाठवील. नक्कल दर नक्कल आवाजांत सरसर वाढत जाई, म्हणून मूळ फितीपासून आपली प्रत कितव्या पिढीची, हें लोक वंशावळीप्रमाणें लिहून ठेवीत. १९८७ सालीं तर 'डेडबेस' नांवाचा जाडजूड ग्रंथच निघाला. कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवीं, कोणत्या क्रमानें काय वाजविलें, एवढीच त्यांत नोंद. बखरकारांनाहि हेवा वाटावा!

फितींचे प्रकार दोन. एक, ध्वनियोजकाच्या साउंडबोर्डावरून सरळ घेतलेली. ती स्वच्छ असते, पण कधीं कधीं अंगाखालीं जमीन नसल्यासारखी वाटते. दुसरी, श्रोत्यांत बसून मायक्रोफोननें घेतलेली. तींत खोकले येतात, आरोळ्या येतात, शेजारचा इसम चुकीच्या सुरांत गात असतो. जाणकार सहसा पहिलीच पसंत करतात. माझें मत थोडें निराळें आहे. 'डार्क स्टार'चे पहिले दोन स्वर वाजल्याबरोबर हजारों माणसांच्या कंठांतून जो हुंकार उमटतो, तो साउंडबोर्डावर येत नाहीं. आणि त्या हुंकाराचें उत्तर म्हणून वादक पुढें काय करतात, हें कळावयाचें तर तो ऐकू यावयासच पाहिजे.

हौशी मुद्रकांची गर्दी इतकी वाढली कीं, उंच काठ्यांवर लावलेल्या त्यांच्या मायक्रोफोनांच्या जंगलामुळें ध्वनियोजक डॅन हीली याला रंगमंच दिसेनासा झाला. कोणत्याहि दुसऱ्या संस्थेनें पोलीस बोलाविले असते. या मंडळींनीं १९८४ च्या ऑक्टोबरांत बर्कलेच्या कार्यक्रमापासून ध्वनियोजकाच्या मागें त्यांच्यासाठीं स्वतंत्र जागा राखून दिली आणि त्या जागेचीं निराळीं तिकिटें काढलीं! विक्री करूं नये, ही एकच मुख्य अट. व्यवहारी माणसें हंसलीं असतील. परंतु फुकट फिती वाटल्या गेल्यामुळें तिकिटें खपण्याचें कोठें अडलें नाहीं. फीत ऐकलेला माणूस घरीं बसत नसे, तो पुढच्या गांवीं जाई.

या साऱ्या भांडारांत सर्वांत गाजलेली रात्र ८ मे १९७७ ची. न्यूयॉर्क राज्यांत इथाका येथें कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथील बार्टन हॉल या विस्तीर्ण कवाइतीच्या इमारतींत तो कार्यक्रम झाला. मे महिना असून त्या रात्रीं बाहेर बर्फ पडलें. मुद्रण केलें तें बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनीं. वादकांइतकाच मान ज्यांना द्यावा अशा ज्या थोड्या व्यक्ति या इतिहासांत आहेत, त्यांत त्यांचें नांव वरचें. त्यांच्या फितींत प्रत्येक वाद्य आपल्या जागीं बसलेलें दिसतें; 'दिसतें' हाच शब्द योग्य. पुढें त्यांच्यावर आर्थिक आपत्ति आली. भाडें थकल्यामुळें ज्या वखारींत त्यांच्या फिती ठेवल्या होत्या तेथील सामानाचा १९८६ सालीं लिलांव झाला, आणि वर्षानुवर्षांचें तें मुद्रण अनोळखी माणसांच्या हातीं गेलें. कांहीं फितींना ओल लागली. कांहीं चाहत्यांनीं शोधून काढल्या, साफसूफ केल्या, आणि नकला करून वांटल्या. कॉर्नेलची कीर्ति पसरली ती अशा नकलांवरून. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें जपून ठेवण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादींत तिचा समावेश केला. आणि संस्थेनें ती अधिकृतपणें प्रसिद्ध केली ती २०१७ सालीं, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनीं! जी वस्तु राष्ट्रानें ठेवा म्हणून मान्य केली, ती त्या दिवसापर्यंत रीतसर विकत मिळत नव्हती. घरोघरच्या कॅसेटींनींच ती जगविली होती.

या कॉर्नेलच्या फितीशीं मुंबईचें एक नातें आहे, तें आपल्या श्रोत्यांना आवडेल. उत्तरार्धाच्या आरंभीं 'स्कार्लेट बेगोनियाज' या गीतांतून मंडळी न थांबतां 'फायर ऑन द माउंटन' या गीतांत शिरतात. दोन्ही मिळून सुमारें पंचवीस मिनिटें. दुसरें गीत दोनच स्वरसंगतींवर झुलत राहतें. त्याचें मूळ १९७६ च्या 'दिगा' नांवाच्या तबकडींतील एका तालप्रधान रचनेंत आहे, आणि ती तबकडी केली होती मिकी हार्ट व आपले झाकीर हुसेन यांनीं मिळून. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन त्या काळीं कॅलिफोर्नियांत अली अकबर खांसाहेबांच्या संगीतविद्यालयांत शिकवीत असत. त्याहि आधीं, १९६७ सालीं, हार्टची गांठ झाकीर हुसेन यांचे वडील अल्लारखां यांच्याशीं पडली होती. एके काळीं मुंबई नभोवाणीवर नोकरी केलेले अल्लारखां! त्यांच्याकडून हार्टनें मात्रांचा हिशेब घेतला. 'लाइव्ह डेड'मधील 'दि इलेव्हन' ही रचना अकरा मात्रांची आहे; आपल्याकडील रुद्रतालाचा ठेका तींत नाहीं, परंतु रॉकच्या ठरीव चारांच्या चालीवर पोसलेले कान तेथें पहिल्या आवर्तनालाच गोंधळतात. हार्ट आणि झाकीर हुसेन यांची मैत्री पुढें अनेक वर्षें टिकली. त्यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या संचाला १९९२ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

सर्वच रात्री अशा नव्हत्या, हेंहि सांगितलें पाहिजे. १९६९ च्या वुडस्टॉकच्या महोत्सवांत पावसांत विजेचे धक्के खात मंडळींनीं इतकें वाईट वाजविलें, कीं त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटे. १९७८ च्या सप्टेंबरांत तीं ईजिप्तला गेलीं. गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशीं तीन रात्री कार्यक्रम. शेवटच्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण. याहून मोठा थाट कोणता? पण पियानो बेसूर, क्रॉइट्समनचें मनगट मोडलेलें, तो एका हातानें वाजवीत होता. त्या रात्रींवरून काढावयाचा संच रद्द झाला. निवडक भाग प्रसिद्ध झाला तो २००८ सालीं. उलट १९७२ च्या २७ ऑगस्टला ऑरेगन राज्यांतील व्हेनेटा येथें, एका अडचणींत आलेल्या दुग्धालयाच्या मदतीसाठीं, रणरणत्या उन्हांत माळावर केलेला कार्यक्रम पाहा. तिकिटें छापलीं दह्याच्या डब्यांच्या चिठ्ठ्यांवर! उष्म्यानें वाद्यें सारखीं उतरत होतीं. आणि तरीहि त्या दिवशींचा 'डार्क स्टार' मला कॉर्नेलच्या सर्व फितीपेक्षां मोठा वाटतो. कॉर्नेलला मंडळींना रस्ता ठाऊक आहे. व्हेनेटाला तीं रस्ता शोधीत आहेत.

संस्थेच्या कोठारांतील फिती दीर्घकाळ नुसत्या पडून होत्या. १९८५ च्या सुमारास त्यांची व्यवस्था डिक लाट्वाला याच्याकडे आली. हा कोणी शास्त्रज्ञ नव्हे, हवाई बेटांत राहून टपालानें फिती जमविणारा हौशी माणूस. त्याच्या आग्रहानें १९९३ पासून निवडक कार्यक्रम जसेच्या तसे प्रसिद्ध होऊं लागले. मूळ फितींतील दोष कायम राहिले आहेत, ग्राहकानें हें समजून घ्यावें, अशी सूचनाच वर छापलेली असे. 'डिक्स पिक्स' या मालेचे २००५ पर्यंत ३६ भाग निघाले. लाट्वाला मात्र १९९९ सालींच वारला. १९७२ च्या युरोपच्या दौऱ्यांतील २२ कार्यक्रम २०११ सालीं ७३ तबकड्यांच्या एकाच पेटींत आले. इतकें ऐकण्यास सवड कोणाला, असें विचारणाऱ्यांना मी दोष देणार नाहीं.

आणि मग भांडण झालें. तोंवर जुन्या कॅसेटी संगणकावर चढविल्या गेल्या होत्या, आणि सॅन फ्रॅन्सिस्कोच्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या सार्वजनिक संग्रहांत हजारों कार्यक्रम कोणासहि उतरून घेतां येत. २००५ च्या नोव्हेंबरांत संस्थेच्या सांगण्यावरून ती सोय एकाएकीं बंद झाली. चाहते खवळले. फिल लेशनें, आपल्याला याची पूर्वकल्पना नव्हती, असें जाहीर केलें. थोड्याच दिवसांत तडजोड निघाली: श्रोत्यांनीं केलेल्या फिती पूर्ववत् घ्याव्यात, साउंडबोर्डाच्या फिती नुसत्या ऐकाव्यात, उतरून घेऊं नयेत. कायदा संस्थेच्या बाजूस होता, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांच्या हातांनीं हा ठेवा तीस वर्षें तगला, त्यांना एका सकाळीं परके ठरविणें न्यायाचें होतें काय? मला तें तेव्हांहि पटलें नाहीं. वादकांनाहि पोट असतें, गार्सिया निवर्तल्यावर त्यांचें उत्पन्न घटलें होतें, हें मान्य करूनहि पटलें नाहीं.

गार्सियाचा शेवट फितींत लपत नाहीं. १९८६ सालीं मधुमेहानें तो बेशुद्ध पडला. त्यांतून उठल्यावर त्याला गिटार जवळ जवळ पुन्हां शिकावी लागली. त्यानंतर कांहीं वर्षें उत्तम गेलीं. पण १९९४–९५ च्या फितींत तो शब्द विसरतो, बोटें मागें राहतात, बाकीचे त्याला सांवरून घेतात. ९ जुलै १९९५ रोजीं शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला. ९ ऑगस्टला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं तो वारला. त्या शेवटच्या रात्रींहि मुद्रकांच्या राखीव जागेंत काठ्या उभ्या होत्या, आणि ती फीत आहे. मी ती एकदांच ऐकली.

ज्यांना ऐकण्याची इच्छा झाली असेल त्यांनीं कॉर्नेलपासून आरंभ करूं नये. कीर्ति ऐकून गेलेल्या माणसाची तेथें थोडी निराशा होते. आधीं 'लाइव्ह डेड'ची पहिली बाजू रात्रीं, घर निजल्यावर लावावी. ती मानवली तर व्हेनेटा. तीहि आवडली तर १९७२ च्या युरोपांतील एखादी रात्र, आणि मग खुशाल कॉर्नेल. 'डार्क स्टार' दहा मिनिटें ऐकून कंटाळा आला, तर निमूटपणें यंत्र बंद करावें. पुढचीं तेरा मिनिटें अंगावर ओढून घेण्याची सक्ति कोणावरहि नाहीं.